फेडून टाकलेला फ्रिज

गल्लीत त्या दोघी बहिणींना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणतात. धाकटीने पंचेचाळिशी ओलांडली, कानांपाशी केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच राहिली. थोरली तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम तिने गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत केलं. आता ती घरी असते, पण आवाज अजून बसमधलाच आहे. धाकटी पडदे शिवते. बाजारातल्या एका दुकानात ती वीसेक वर्षं आहे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, दुकानामागच्या खोलीत पडदे शिवायचे, आणि शिवून झाले की दांडी ठोकून ते लावूनही द्यायचे, असं तिचं काम. लग्न दोघींचंही झालं नाही. का, हे विचारणारी माणसं आता उरलेली नाहीत.

राहायला भाड्याची खोली. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला पलंग, मधे शिलाई मशीन. या खोलीत पडद्याचं कापड उलगडून पसरता येत नाही. दुकानातलं काम घरी आणलं की धाकटी कापडाची घडी घालते, अर्धं पलंगावर ठेवते, अर्धं मांडीवर घेते, आणि पडदा सरळ उतरलाय की नाही हे तिला दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावरच कळतं. भिंतीला खिळा ठोकायला मनाई आहे. घरमालकीण खाली राहते. दोघी तिला मावशी म्हणतात, आणि भिंतीत काही शिरलं की मावशीला ते स्वतःच्या डोक्यात शिरल्यासारखं वाटतं. त्यामुळे जिचा अर्धा दिवस परक्या भिंतींना भोकं पाडण्यात जातो, तिच्या स्वतःच्या खिडकीला सुतळीवर टाकलेली जुनी चादर आहे. कुणी नवीन माणूस घरात आलं की थोरली आधीच सांगून मोकळी होते, "दिव्याखाली अंधार असतो. बघून घ्या आणि बसा."

भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला, हातातून हातात. पावती त्यांनी कधी मागितली नाही आणि मावशीने कधी दिली नाही. घरच्या घरात कसली पावती? विजेचं बिल मावशीच्या नावावर. धाकटीचा पगार पाकिटातून. वाण्याकडे वही नाही, कापडवाल्याकडे खातं नाही, दूधवाल्याचे पैसे रोजच्या रोज. साऱ्या गल्लीत या एकाच घराकडे कुणाचं काही येणं नव्हतं, आणि दोघींना त्याचा अभिमान होता.

तो त्यांना वडिलांकडून आला होता. वडील एका फर्निचरच्या दुकानात वसुलीला होते. दुकान कपाटं, पलंग, आरसे हप्त्यावर विकायचं आणि वडील सायकलवरून दारोदार फिरून ते हप्ते गोळा करायचे. माणूस मवाळ, काम कडू. दार वाजवलं की आतलं बोलणं एकदम थांबायचं. मग एखादं पोर दार किलकिलं करून सांगायचं, बाबा घरी नाहीत. "दाराखालच्या फटीतून मला बाबांचे पाय दिसतात," वडील जेवताना सांगायचे. "मी त्या पायांकडे बघतो, पोर माझ्याकडे बघतं. मग मी पुढच्या दारी जातो." हप्ते फार थकले की दुकान हातगाडी पाठवायचं आणि कपाट परत आणायचं. आतले कपडे त्या घरच्यांच्या हातात देऊन. आपल्या घराचं दार कुणीही, केव्हाही वाजवावं आणि ते लगेच उघडलं जावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती मुलींनी पाळली.

"अंथरूण पाहून पाय पसरा, म्हणायचे," थोरली सांगते. "आम्ही जन्मभर पाय पोटाशी घेऊनच निजलो. म्हणून तर गुडघे गेले."

तो फ्लॅट धाकटीने पहिल्यांदा पाहिला तो कामासाठी गेली असताना. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. बाई एकट्या राहत होत्या आणि घर विकून दुसऱ्या गावी मुलीकडे जायच्या बेतात होत्या. जाताना पडदे बरोबर न्यायचे होते, पण मुलीच्या खिडक्या ठेंगण्या. म्हणून ते काढून आखूड करून हवे होते. सामान निम्मंअधिक हललं होतं. बाहेरच्या लांबट खोलीत एक खुर्ची सोडली तर काही नव्हतं. धाकटीने पडदे काढले आणि माप टाकायला सवयीने घडी घालू लागली. मग तिच्या लक्षात आलं की घडीची गरज नाही. तिने पडदा जमिनीवर सोडला. तो वरपासून खालपर्यंत, कुठेही न दुमडता, आडवा झाला आणि तरीही चहूबाजूंनी चालायला जागा उरली. दुपारचं ऊन मोठ्या खिडकीतून तिरपं येऊन कापडावर पडलं. तिला टाके दिसत होते, चष्म्याशिवाय.

बाई आतून चहा घेऊन आल्या तरी ती उभीच.

"काय झालं? डाग आहे का?"

"नाही हो. कापड असं पूर्ण पसरलेलं किती दिवसांत बघितलं नव्हतं."

"मग तुम्हीच घ्या की हे घर."

"चेष्टा करता बाई गरिबाची."

"सगळी नोकरी शाळेत गेली माझी. चेष्टा केली की वर्ग डोक्यावर बसतो, म्हणून सवय नाही," बाई म्हणाल्या. "दलाल नको आहेत मला. येतात, बूट न काढता फिरतात, माझ्या न्हाणीघरात उभं राहून फोनवर बोलतात. तुम्ही घेणार असाल तर चार पैसे कमी घेईन."

धाकटी हे घरी बोलली नाही. पण दोन दिवस चहात साखर पडली नाही आणि तिसऱ्या दिवशी दोनदा पडली, तेव्हा थोरलीने विचारलंच. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चल, दाखव. बघायला पैसे पडत नाहीत."

पहिला मजला, तोही लिफ्टचा. थोरलीने लिफ्टमधून दोनदा वर-खाली केलं. मग त्या लांबट खोलीत ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि खिडकीतून खालच्या रस्त्याची रहदारी बघत राहिली. निघायची वेळ झाली तेव्हा तिला उठवायला धाकटी आणि बाई दोघी लागल्या. "राहू द्या," थोरली म्हणाली, "कशाला त्रास घेता. मी इथेच बसते, तुम्ही कागदपत्रं करून या."

सगळे हसले. पण त्या दिवसापासून घर ठरलं होतं. दोघींच्या साठवणीतून किमतीचा एक लहानसा तुकडा निघत होता. बाकीचं कर्जाने उभं करायचं होतं.

बँकेतली कर्जाच्या टेबलावरची मॅडम वयाने एखाद्या भाचीएवढी असेल. केसांत पेन खोचलेलं, बोलणं सरळ. तिने धाकटीची माहिती भरली, बटण दाबलं आणि कपाळाला आठी घातली.

"तुम्ही दिसतच नाही."

"समोर तर बसलेय," धाकटी म्हणाली.

"तसं नाही. कर्जदार म्हणून कुठे नोंदच नाही तुमची. क्रेडिट कार्ड?"

"नाही."

"स्कूटर, मोबाईल, काही हप्त्यांवर घेतलंय?"

"नाही. आम्ही कुणाचं काही ठेवत नाही."

"तेच तर अडतंय," मॅडम म्हणाली. "तुम्ही परत करता की बुडवता, हे आम्हाला कळायला मार्ग नाही."

मागच्या खुर्चीवरून थोरलीने तोंड घातलं. "म्हणजे ज्यानं जन्मात उधारी केली नाही त्याला उधार नाही? पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नका, तसं झालं हे."

मॅडमला हसू आलं, पण तिने वाटही सांगितली. घरासाठी काहीतरी लहानसं हप्त्यावर घ्या. हप्ते तारखेला जाऊ द्या. पगार पाकिटातून घेऊ नका, खात्यात घ्या. भाडंही खात्यातून द्या. सहा महिने हे चालू दिसलं आणि तुमच्या पदरचा हिस्सा थोडा वाढला, तर मी तुमची फाईल वर पाठवते. होईलच असं सांगत नाही, पण पाठवते. आणि फार लांबवू नका. कर्ज तुमच्या साठीपर्यंतच मिळणार. जितका उशीर कराल तितकं ते लहान होत जाईल.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सहा महिने थांबते, घाई नाही.

पगाराचं सोपं नव्हतं. दुकानाचे मालक दुखावले. "इतकी वर्षं हातात देतोय, कधी एक दिवस मागेपुढे झाला? आता मधे बँक कशाला? माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे मालक," धाकटी म्हणाली. "बँकेचा माझ्यावर नाही."

मालकांनी दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी खात्याचा नंबर मागितला. मावशीलाही खात्यातून भाडं घ्यायला राजी करावं लागलं. आपल्या पैशांवर कुणाचा तरी डोळा आहे असं तिला महिनाभर वाटत होतं.

मग फ्रिज. जुना गळतच होता, त्यामुळे नवा घ्यायला निमित्त शोधावं लागलं नाही. फ्रिज जिन्यावरून वर चढत असताना मावशी दारात आली. "लॉटरी लागली का गं?"

"हप्त्यावर घेतलाय," थोरली म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका खाली गेला होता.

घरात आल्यावर तिने फ्रिजवर चादर टाकली. धाकटीने विचारलं, ही कशाला? "आपला होईपर्यंत राहू दे," थोरली म्हणाली. दार उघडायचं झालं की दोघी चादर वर करायच्या, दूध काढायच्या आणि परत खाली सोडायच्या.

ते दिवस धाकटीचे बरे गेले. दुकानातून परतताना ती एक थांबा आधी उतरायची आणि बाईंच्या इमारतीवरून चालत यायची. आत जायची नाही. समोरच्या पदपथावर, औषधांच्या दुकानापाशी, एखादं मिनिट उभी राहायची. मशीन खिडकीच्या डाव्या हाताला लावायचं, म्हणजे उजेड सुईवर पडेल. कापडाचे गठ्ठे आतल्या खोलीत, उभे. थोरलीची खुर्ची रस्त्याच्या बाजूला. पडदे कसले लावायचे, हे मात्र तिचं काही ठरेना. दिवसभर ती लोकांना झटक्यात सांगायची, तुम्हाला हा रंग चालेल, हा नाही चालणार. स्वतःच्या खिडकीपाशी आली की तिला काहीच लावावंसं वाटायचं नाही. ती उघडीच छान दिसायची.

पहिला हप्ता खात्यातून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याच्या तारखेला पाच-सहा दिवस होते तेव्हा फोन आला. धाकटी अंघोळीला गेली होती, म्हणून थोरलीने उचलला. मावशी त्याच वेळी पाण्याच्या टाकीचं विचारायला वर आली होती आणि दारात उभी होती.

फोनवर एका बाईचा आवाज. आपल्या कर्जाचा हप्ता देय आहे. खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी. रक्कम न भरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.

"अहो, पण तारीख अजून आलेली नाही," थोरली म्हणाली.

आवाजाने तेच परत सांगितलं.

"मी काय म्हणतेय ते ऐका ना. दोन्ही हप्ते वेळेत गेलेत आमचे."

आवाजाने तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि फोन बंद झाला. मावशी टाकीचं न विचारताच खाली गेली.

असा फोन सगळ्यांनाच येतो, तो माणूस करत नाही, यंत्र करतं, आणि वेळेत भरणाऱ्यालाही करतं, हे गल्लीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं. पण विचारायला हवं ना. दोघींनी विचारलं नाही. एखाद्या सरळ माणसावर चोरीचा आळ आल्यावर जसं कुणापुढे बोलायची लाज वाटते, तसं त्यांचं झालं. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की दोघी बोलायच्या थांबायच्या. एकदा थांबल्या आणि थोरली धाकटीकडे बघून म्हणाली, "आपणही तेच करायला लागलो गं." धाकटी चादरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून पैसे काढले. घरासाठी बाजूला ठेवलेल्यातूनच काढले. दुसरे होते कुठे? फ्रिजच्या दुकानात जाऊन सगळे हप्ते एकदम भरून टाकतो म्हणाल्या.

काउंटरवरचा माणूस बुचकळ्यात पडला. "घाई कशाला? याला व्याजसुद्धा नाही."

"तुम्हाला नसेल घाई," थोरली म्हणाली. "आम्हाला झोप पाहिजे."

त्याने खातं बंद केल्याचा कागद दिला. घरी आल्यावर थोरलीने चादर काढली, फ्रिज ओल्या फडक्याने पुसला आणि दार उघडून आतल्या दिव्याकडे बघत बसली. मावशीला हाक मारून वर बोलावलं आणि गार पाणी दिलं. कागदही दाखवला. धाकटीला वाटलं, बँकेचं काम आता आणखी पक्कं झालं. सहा महिन्यांत फेडायचं ते आपण दोनात फेडलं. यापेक्षा चांगली पत आणखी कसली दाखवायची?

सहा महिने झाले तशी ती सांगितल्याप्रमाणे बँकेत गेली. अंगावर इस्त्रीचे कपडे, पिशवीत तो कागद. मॅडमने स्क्रीन बघितली, कागद बघितला, पुन्हा स्क्रीन बघितली.

"हे तुम्ही फेडलंत?"

"हो. सगळं."

"का?"

या प्रश्नाची तयारी धाकटीने केली नव्हती. "म्हणजे काय का? देणं होतं."

मॅडमने खुर्ची जवळ ओढली. तिने समजावून सांगितलं, आणि हळू सांगितलं. नोंदीत दोनच हप्ते दिसतात. मग खातं बंद. लवकर फेडणं वाईट नाही, पण दोन महिन्यांवरून काही कळत नाही. बँकेला तुमची सवय बघायची असते, महिन्यामागून महिना.

"सवय फेडायचीच आहे आमची."

"मला माहीत आहे. मी वर काय पाठवू? मला माहीत आहे म्हणून?" मॅडम म्हणाली. मग तिने खात्यातली शिल्लक पाहिली. "आणि तुमचा हिस्साही कमी झालाय की मागच्यापेक्षा."

"त्यातूनच भरले."

मॅडमने केसांतलं पेन काढलं आणि पुन्हा खोचलं. नव्याने सुरू करा, म्हणाली. या वेळी वर्षभर तरी. काही झालं तरी मधे फेडू नका. फोन आला तर मला विचारा.

बाईंनी आणखी पंधरा दिवस वाट बघितली. मुलीचे दिवस भरत आले होते, घराचे पैसे तिकडे लागणार होते. फोनवर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी थांबले असते हो. पण आता माझ्या हातात राहिलं नाही."

"तुम्ही थांबलात तेच पुष्कळ," धाकटी म्हणाली.

त्या रात्री दोघी जेवायला बसल्या आणि दोषासाठी भांडल्या. थोरली म्हणाली, फोन मी उचलला, मीच घाबरले, तू काय करणार. धाकटी म्हणाली, बँकेत मी जात होते, विचारायला मला तोंड नव्हतं का? थोरली म्हणाली, मोठी मी आहे. धाकटी म्हणाली, मोठी आहेस म्हणून सगळं तुलाच पाहिजे का? मग दोघींनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

घर एका नवराबायकोने घेतलं. दोघंही नोकरीवाले. ते पडद्यांसाठी याच दुकानात आले, कारण बाजारात दुसरं नाव घेण्यासारखं दुकान नाही. पत्ता लिहून घेताना मालकांचा हात थांबला. त्यांनी आत येऊन विचारलं, "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"दुसऱ्या कुणाला माप येतं?" धाकटी म्हणाली आणि टेप उचलला.

त्या खिडकीचं माप तिला पाठ होतं. तरी तिने ते पुन्हा घेतलं, तीन ठिकाणी, वर, मधे आणि खाली, जसं कुठल्याही खिडकीचं घेते. लांबट खोलीत आता भिंतीएवढा सोफा होता, समोर टीव्हीचं कपाट आणि मधे काचेचं टेबल. पडदा पसरायचा म्हटलं तर इथेही घडी घालावी लागली असती. बायको हौशी होती. तिला जाड कापड हवं होतं, गडद, ऊन अजिबात आत येणार नाही असं.

"दुपारी टीव्हीवर फार चकाकतं," ती म्हणाली. "या खोलीचा तेवढाच एक दोष आहे."

"गडद बसेल मग," धाकटी म्हणाली. "अस्तर लावून देते. तिरीपसुद्धा येणार नाही."

"तुम्ही आधी आला होता का इथे? स्विच कुठे आहे ते न बघता लावलात."

"आले होते. पडदे काढायला."

ते पडदे तिने चार दिवसांत शिवले. लावायला गेली तेव्हा दांडी ठोकली, कड्या ओवल्या, चुण्या हाताने एकसारख्या केल्या आणि शेवटी नेहमीप्रमाणे दोन्ही पडदे एकदा पूर्ण ओढून बघितले. खोलीत अंधार झाला. बायको खूश झाली. मालकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कसं झालं काम? धाकटी म्हणाली, चांगलं झालं. खरंच झालं होतं.

त्यानंतरचं वर्ष दोघींनी एक कर्ज सांभाळण्यात घालवलं. या वेळी कपडे धुवायचं यंत्र घेतलं. चादर टाकली नाही. दर महिन्याला तो फोन यायचा, आणि थोरली तो स्पीकरवर टाकून भाजी निवडत ऐकायची. मधेच, "हो बाई, कळलं," म्हणायची. मावशीला सांगायची, "लोक मांजर पाळतात, आम्ही कर्ज पाळलंय. खायला वेळेवर द्यायचं आणि मरू द्यायचं नाही." धाकटीला ते तितकं सोपं गेलं नाही. पैसे खात्यात पडलेले, देणं अंगावर, आणि आपण काही करायचं नाही, हे तिला नखात काच गेल्यासारखं वाटायचं. दोनदा ती थेट यंत्राच्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या खेपेला थोरलीने तिचं बँकेचं कार्ड काढून घेतलं आणि ते आपल्या औषधांच्या डब्यात ठेवलं.

वर्ष झालं. मॅडमने फाईल वर पाठवली आणि या वेळी ती मंजूर होऊन आली. पण वय वाढलं होतं, फेडायला वर्षं कमी उरली होती, म्हणून कर्ज पहिल्या अंदाजापेक्षा लहान मिळालं. किमती तर कुणासाठी थांबत नाहीत. गावातलं काही त्या रकमेत बसेना. त्यांनी एकामागून एक घरं बघितली आणि प्रत्येक घर आधीच्यापेक्षा बसने आणखी लांब होतं.

शेवटी मिळालं ते बसच्या अगदी शेवटच्या थांब्यापाशी. एक खोली, स्वयंपाकघर, तळमजला. गुडघ्यांना बरं. खिडकी एकच, आणि ती येण्या-जाण्याच्या वाटेवर उघडते. बाहेरून जाणाऱ्याचा खांदा गजांना लागेल इतकी जवळ. पडदा सतत ओढलेलाच ठेवावा लागेल, हे धाकटीने दारातूनच ओळखलं. तिने आत जाऊन भिंतींवर बोटं वाजवून बघितली, नळ सोडून बघितला, ओल कुठे आहे ते बघितलं. मग विकणाऱ्याला सांगितलं, घेतो आम्ही.

मावशीचा निरोप घेताना थोरली रडली आणि मावशीही रडली. इतक्या वर्षांत भिंतीला एकही भोक पडलं नाही, असे भाडेकरू परत मिळणार नाहीत, असं मावशी येईल-जाईल त्याला सांगत होती.

नव्या घरात थोरली लवकर रुळली. पडदा तिने पहिल्याच आठवड्यात बाजूला सारला तो कायमचा. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखते, आणि शाळेला निघालेल्या मुलांच्या दप्तरांच्या चेनी आतूनच बंद करायला लावते. धाकटी दिवसभर दुकानात असते. हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो आणि अजून बरीच वर्षं जाईल. ते तिने आता मनावर घेणं सोडलंय.

दुकानात जायला तिला दोन्ही वेळा तासभर बस लागते. संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये ती नेहमी डाव्या बाजूला बसते. बस औषधांच्या दुकानावरून जाते, समोर ती इमारत. पहिल्या मजल्यावरचे गडद पडदे ओढलेले असतात. सिग्नल लागला तर थोडा जास्त वेळ दिसतात.

हे थोरलीला तिने सांगितलं नव्हतं. पण एका रविवारी दोघी बाजारातून एकत्र परतत होत्या. उजवीकडच्या दोन जागा मोकळ्या असताना धाकटी डावीकडे एका माणसाच्या शेजारी जाऊन बसली. थोरली उजवीकडे एकटीच बसली, आणि औषधांचं दुकान आलं तेव्हा तिने धाकटीची मान वळलेली पाहिली. घरी येऊन चहा टाकल्यावर तिने विचारलं.

"रोज बघतेस?"

"बस तिथूनच जाते."

"बसला बाजू दोन असतात. त्या बाजूला जागा मिळाली नाही तर काय करतेस?"

धाकटीने पिशवीतल्या भाज्या एकेक करून फ्रिजमध्ये ठेवल्या.

"उभी राहते," ती म्हणाली.

थोरलीने मान हलवली. खिडकीबाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती हातात कप घेऊन खुर्चीकडे गेली.